भविष्याचा वटाव : हवामानबदलाच्या अर्थशास्त्राची एक चिकित्सा

१

मुदतीची हुंडी मुदतीपूर्वी वटविली असता तिच्या दर्शनी रकमेतून काही भाग कापून घेतला जातो. ह्या कापलेल्या भागास पेढीच्या भाषेत वटाव म्हणतात. उद्याच्या शंभर रुपयांची आजची किंमत शंभरांहून कमी असते, हे ह्या व्यवहारामागील तत्त्व होय. व्यापारात त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. हुंडी लिहिणारा, ती वटविणारा आणि मुदतीस पैसे घेणारा हे तिघेही त्या व्यवहारास राजी असतात. ज्याला दर मान्य नाही त्याने दुसऱ्या पेढीवर जावे, एवढी मोकळीक त्यात असते. तथापि हेच तत्त्व जेव्हा शंभर-दीडशे वर्षांनी जन्मास येणाऱ्या माणसांच्या अन्नाला, पाण्याला आणि निवाऱ्याला लावले जाते, तेव्हा व्यवहाराचे स्वरूप पालटते. हुंडी त्यांची असते. वटवितो मात्र आपण. आणि दर ठरविताना त्यांना कोणी विचारीत नाही.

हवामानबदलाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे अर्थशास्त्र निर्माण झाले त्याच्या मुळाशी ही वटावाची कल्पना आहे. ह्या शास्त्राने प्रश्नाचे स्वरूप असे ठरविले की, तापमानवाढ रोखण्याचा खर्च आज करावयाचा आहे, तिच्यामुळे होणारे नुकसान पुढे व्हावयाचे आहे. म्हणून पुढील नुकसानीची आजची किंमत काढावी, ती आजच्या खर्चाशी ताडून पाहावी, आणि जेथे दोन्ही तुल्यबळ होतील तेथे थांबावे. वरवर पाहता ही रीत निर्दोष वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तिचे परीक्षण करण्याचा आहे. हिशेब करणे चूक आहे असे येथे म्हणावयाचे नाही. हिशेबाच्या आधी ज्या गोष्टींचा निर्णय व्हावयास पाहिजे होता, त्या हिशेबाच्या पोटात लपविल्या गेल्या, आणि म्हणून अर्थशास्त्राने 'थोडे थांबावे' असा जो सल्ला दीर्घकाळ दिला तो शास्त्राचा निष्कर्ष नसून त्याच्या गृहीतांचा प्रतिध्वनी होता, एवढेच दाखवावयाचे आहे.

२

प्रथम ह्या विचाराची वंशावळ पाहणे इष्ट होईल. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू ह्यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या 'दि इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' ह्या ग्रंथात कारखान्याच्या धुराचा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत आणला. धूर सोडणाऱ्याच्या वहीत त्या धुराची नोंद नसते. त्याचा खर्च आसपासचे लोक सोसतात. असा जो खर्च करणाऱ्याच्या हिशेबाबाहेर राहतो, त्यासाठी करणाऱ्यावर कर बसवावा, हा पिगूंचा उपाय. आजच्या कार्बन-कराची कल्पना येथूनच निघाली आहे. परंतु ह्याच ग्रंथात पिगूंनी दुसरीही एक गोष्ट सांगितली होती, तिचे स्मरण पुढे तितकेसे राहिले नाही. मनुष्यास दूरचे सुख जवळच्या सुखाहून लहान दिसते. हा त्याच्या दृष्टीचा दोष आहे, वस्तूचा नव्हे. आणि म्हणून पुढील पिढ्यांच्या वतीने नैसर्गिक संपत्तीचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

पिगूंचे तरुण सहकारी फ्रँक रॅम्झी हे मूळचे गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ. १९३० साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते वारले. त्यापूर्वी १९२८ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये त्यांनी बचतीच्या गणिती उपपत्तीवर एक निबंध लिहिला. राष्ट्राने आपल्या उत्पन्नापैकी किती भाग शिल्लक टाकावा, हा त्याचा विषय. ह्या निबंधात, केवळ पुढे येणारे म्हणून पुढील सुख कमी लेखणे रॅम्झींनी नीतिदृष्ट्या असमर्थनीय मानले आणि त्याचे मूळ कल्पनाशक्तीच्या दुबळेपणात शोधले. दैवाचा विलास असा की, आज वटावाचा दर काढण्यासाठी जे समीकरण वापरले जाते त्यास रॅम्झींचेच नाव मिळाले आहे.

ह्या समीकरणाप्रमाणे वटावाच्या दराचे दोन घटक पडतात. पहिला घटक निव्वळ कालाचा : पुढचा माणूस पुढचा आहे एवढ्याच कारणाने त्याच्या सुखाची किती काटछाट करावयाची, ते हा घटक सांगतो. दुसरा घटक समृद्धीचा : पुढचा माणूस आपल्याहून श्रीमंत असेल तर त्याच्या हाती पडणारा रुपया त्याला आपल्याइतका मोलाचा वाटणार नाही, ह्या तर्कावर तो उभा आहे. उत्पन्नवाढीच्या वेगास विषमतेविषयीच्या आपल्या नावडीने गुणिले असता हा दुसरा घटक मिळतो. पहिला घटक सरळसरळ नीतीचा प्रश्न आहे. दुसऱ्यात एक नीतीचा प्रश्न आणि एक भाकीत अशा दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. दोहोंपैकी एकही गोष्ट हवामानाच्या नोंदींतून अथवा बाजारभावांतून आपोआप हाती येत नाही.

३

आता ह्या समीकरणाचा प्रत्यक्ष उपयोग कसा झाला ते पाहू. येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस हे ह्या शाखेचे आद्य प्रवर्तक होत. इतर अर्थशास्त्रज्ञांचे तिकडे लक्षही नव्हते त्या काळात, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइडचा प्रश्न हाती घेतला. आणि वातावरण व अर्थव्यवस्था ह्यांना एकाच गणिती प्रतिमानात गोवण्याचे कार्य १९९० नंतरच्या दशकात सिद्धीस नेले. 'डाइस' ह्या नावाने ते प्रतिमान प्रसिद्ध आहे. नॉर्डहाउस ह्यांची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. कार्बनला किंमत असावी हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

दुसऱ्या बाजूस निकोलस स्टर्न ह्यांचा अहवाल आहे. ब्रिटिश शासनाच्या सांगण्यावरून तयार झालेला हा सुमारे सातशे पृष्ठांचा अहवाल ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीही न केल्यास होणारे नुकसान जगाच्या उत्पन्नाच्या दरसाल निदान ५ टक्के, आणि व्यापक दृष्टीने पाहिल्यास २० टक्के वा त्याहून अधिक भरेल; उलट ते टाळण्याचा खर्च सुमारे १ टक्का येईल; म्हणून त्वरा करावी, असा त्याचा निष्कर्ष होता. नॉर्डहाउस ह्यांनी २००७ साली ह्या अहवालाचे विस्तृत परीक्षण लिहिले आणि स्टर्न ह्यांच्या निष्कर्षाचे सारे रहस्य वटावाच्या दरात आहे असे दाखवून दिले. हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. मात्र तेच म्हणणे त्यांच्या स्वतःच्या निष्कर्षासही तितकेच लागू पडत होते.

स्टर्न ह्यांनी निव्वळ कालाचा घटक ०.१ टक्का धरला. तोही मानवजातच नष्ट होण्याचा अल्प संभव लक्षात घेऊन. समृद्धीचा घटक मिळविला असता त्यांचा एकूण दर सुमारे १.४ टक्के येतो. नॉर्डहाउस ह्यांनी निव्वळ कालाचा घटक १.५ टक्के धरला. त्यांचा एकूण दर सुमारे ५.५ टक्के होतो. आकडे लहान दिसतात, परंतु चक्रवाढीचे सामर्थ्य आपल्याकडील कर्जदारांस समजावून सांगावयास नको. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत स्टर्न ह्यांच्या दराने सुमारे २५ रुपये भरते. नॉर्डहाउस ह्यांच्या दराने ती ४७ पैसे होते. एकच पूर, एकच दुष्काळ, एकच बुडालेले शेत. आणि एका हिशेबात त्याचे मोल दुसऱ्याच्या पन्नास पटींहून अधिक. ज्या शास्त्राचे उत्तर एका गृहीताने असे बदलते, त्याने आपले उत्तर 'इष्टतम' ह्या विशेषणासह राज्यकर्त्यांपुढे ठेवावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

नॉर्डहाउस ह्यांचे समर्थन असे की, दर आपण ठरवावयाचा नसतो, तो बाजारात पाहावयाचा असतो. लोक भांडवलावर प्रत्यक्षात जो परतावा घेतात त्यावरून ते भविष्याला किती मोल देतात हे कळते. तत्त्वज्ञाने स्वतःची नीती त्यांच्यावर लादू नये. हा युक्तिवाद नम्र वाटला तरी त्यात दोन दोष आहेत. एक असा की, ज्या बाजाराचा दाखला दिला जातो त्यात पुढच्या शतकातील मनुष्य गिऱ्हाईक म्हणून येऊच शकत नाही. त्याच्या अनुपस्थितीत ठरलेल्या दराला त्याची संमती आहे असे मानणे म्हणजे गैरहजर वारसाची सही आपणच करणे होय. दुसरा दोष अधिक खोल आहे. आजच्या भांडवलाचा परतावा काही अंशी तरी एवढ्यासाठी मोठा दिसतो की धुराचा खर्च त्यातून वजा झालेला नाही. तो खर्च आकारावा की नाही हे ठरविण्यासाठी, तो न आकारल्यामुळे फुगलेला दर प्रमाण मानणे हे उघडउघड चक्रक आहे.

तथापि स्टर्न ह्यांची बाजूही निर्वेध नाही. पार्थ दासगुप्ता ह्यांनी तिच्यातील उणीव नेमकी दाखविली. निव्वळ कालाचा घटक जवळजवळ शून्य धरावयाचा आणि विषमतेविषयीची नावडही अल्प ठेवावयाची, असे केल्यास साध्या उदाहरणात आजच्या पिढीने आपले जवळजवळ सर्व उत्पन्न शिल्लक टाकावे असा विपरीत निष्कर्ष निघतो. भविष्याविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या हिशेबात आजच्या श्रीमंत आणि आजच्या गरीब ह्यांच्यामधील अंतराला इतके थोडे वजन का, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ आहे. भारतीय वाचकास हा आक्षेप विशेष महत्त्वाचा वाटावयास पाहिजे. न्याय काळाच्या दिशेने मागावयाचा आणि समाजाच्या दिशेने विसरावयाचा, हे सुसंगत नव्हे.

४

वटावाचा दर हा वादाचा प्रसिद्ध भाग झाला. त्याहून कमी प्रसिद्ध, परंतु माझ्या मते अधिक गंभीर असा दुसरा भाग म्हणजे नुकसानीची मोजणी. तापमान अमुक अंशांनी वाढल्यास उत्पन्न अमुक टक्क्यांनी घटेल, असे सांगणारे एक सूत्र ह्या प्रतिमानांत असते. 'डाइस'च्या २०१६ सालच्या आवृत्तीत ३ अंश वाढीने जगाच्या उत्पन्नाचे २.१ टक्के आणि ६ अंश वाढीने ८.५ टक्के नुकसान होईल असे धरले होते. ६ अंशांनी तापलेल्या पृथ्वीचे वर्णन भौतिक शास्त्रज्ञ ज्या शब्दांत करतात ते ठाऊक असणारास हा आकडा वाचून आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. काही वर्षांच्या मंदीइतकेच हे नुकसान!

ह्या आकड्यांच्या पाठीमागील विचारसरणी नॉर्डहाउस ह्यांच्या १९९१ सालच्या एका निबंधात स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे व्यवसायवार पृथक्करण करून त्यांनी दाखविले की, हवामानावर प्रत्यक्ष अवलंबून असणाऱ्या शेती आणि वनव्यवसाय ह्यांचा वाटा केवळ ३ टक्क्यांच्या आसपास आहे. उलट सुमारे ८७ टक्के उत्पन्न कारखानदारी, बहुतेक सेवा इत्यादी अशा व्यवसायांतून येते की ज्यांच्यावर हवामानाचा परिणाम नगण्य व्हावा.

येथे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्याचा विसर पडलेला आहे. पाणी स्वस्त आणि हिरा महाग का, हे कोडे ॲडम स्मिथने मांडले, आणि सीमान्त उपयोगितेच्या उपपत्तीने ते पुढे सोडविले. एखादी वस्तू विपुल असते म्हणून तिची किंमत कमी असते. तिच्यावाचून चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. शेतीचा वाटा ३ टक्के आहे ह्याचे कारण अन्न विपुल आहे. ते दुर्मिळ होताच हे प्रमाण ३ टक्के राहणार नाही. उरलेल्या ९७ टक्क्यांचा डोलारा ज्या पायावर उभा आहे तो पाया किती रुंद आहे हे मोजून, तो काढून घेतल्यास इमारतीचे तेवढेच नुकसान होईल असे कोणी म्हणावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय जो देश नमुन्यादाखल घेतला तोच सर्वत्र लागू करण्यात दुसरी चूक होते. भारतात शेतीचा उत्पन्नातील वाटा सुमारे १८ टक्के आहे, परंतु काम करणाऱ्या लोकांपैकी जवळजवळ ४५ टक्के लोक तिच्यावर अवलंबून आहेत. उत्पन्नाचे टक्के मोजणाऱ्यास माणसांचे टक्के दिसत नाहीत.

छपराखालील व्यवसाय सुरक्षित असतात, हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. दुकाने, गोदामे, दवाखाने ही सारी छपराखालीच होती. एखाद्या विशिष्ट पुराचा दोष तापमानवाढीस किती द्यावा हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंतु हवा दर अंशागणिक सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करते, आणि त्यामुळे अतिवृष्टीचा जोर वाढतो, हे भौतिकशास्त्राचे साधे विधान आहे. व्यापार हा शेतीप्रमाणेच नदीच्या काठी, समुद्राच्या काठी आणि त्याच आकाशाखाली वसतो.

नुकसान मोजण्याच्या रूढ पद्धतीत आणखी काय निसटते ह्याचे एक उदाहरण आपल्या किनाऱ्यावर सापडते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. त्या भागातील नारळी-पोफळीच्या कित्येक बागा ह्या वादळात एका दिवसात आडव्या झाल्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही घटना कशी उमटते? त्या वर्षीचे सुपारीचे उत्पन्न घटले, एवढी वजाबाकी होते. पडलेली झाडे तोडण्याची मजुरी, नवे पत्रे, नवे खांब ह्यांची मात्र बेरीज होते. उभी बाग ही ज्या वहीत जमा नव्हती त्या वहीत तिचा नाशही खर्ची पडत नाही. पोफळ धरावयास पाच ते आठ वर्षे लागतात. पाण्याचे पाट, सावली, मिरवेल, जायफळ ह्यांची जी सांगड बागेत बसलेली असते ती बसावयास एक पिढी लागते. वटावाचा दर ५.५ टक्के धरून हिशेब करणारा मनुष्य फणसाचे झाड लावणार नाही. कोकणातील बागाईतदार ते लावीत आला. तो अर्थशास्त्र जाणत नव्हता असे म्हणावे, की वेगळे अर्थशास्त्र जाणत होता असे म्हणावे?

५

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो आपल्या देशात अनेकदा घेतला जातो. आजचा भारतीय गरीब आहे. शंभर वर्षांनी येणारा भारतीय आजच्या वाढीमुळे पुष्कळ अधिक संपन्न असेल. मग गरिबाने श्रीमंतासाठी पोटास चिमटा का घ्यावा? वटावाच्या समीकरणातील दुसरा घटक हेच म्हणतो. आक्षेप विचारार्ह आहे, परंतु त्याचे उत्तर समीकरणातच आहे. पुढील पिढी अधिक संपन्न असेल हे गृहीत सरासरीचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या नातवाचे, किनाऱ्यावरील कोळ्याच्या पणतीचे उत्पन्न वाढेलच अशी हमी कोणी दिली आहे? ज्या समूहाचे उत्पन्न हवामानामुळे घटण्याचा संभव आहे त्याच्यासाठी वाढीचा वेग ऋण धरावा लागेल. आणि मग वटावाचा दर शून्याच्या जवळ अथवा त्याखालीही जाईल. म्हणजे ज्या वाढीच्या जोरावर नुकसान क्षुल्लक ठरविले, ती वाढ टिकेल की नाही हाच मूळ प्रश्न होता. शिवाय ह्या आक्षेपातील गरीब आणि चिमटा घेण्यास सांगितलेला मनुष्य हे एकच आहेत असे नाही. भारतात दरडोई दरसाल सुमारे २ टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडला जातो. अमेरिकेत सुमारे १४ टन. प्रथम कोणी थांबावे हे ठरविण्यास वटावाची जरुरी नाही.

आता निकडीचा विचार करू. अर्थशास्त्राचा दीर्घकालीन सल्ला असा की, प्रारंभी थोडा कर बसवावा आणि तो हळूहळू चढवीत न्यावा. ज्या दोषाचा परिणाम त्याच वर्षी होऊन जातो त्याच्या बाबतीत हे ठीक आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचे तसे नाही. तो साचतो. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग ह्यांनी मापन सुरू केले तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार दर १,००० अब्ज टनांमागे तापमान सुमारे ०.४५ अंशाने वाढते. वाढ १.५ अंशाच्या आत राहण्याची निम्मी तरी शक्यता टिकवावयाची तर २०२० च्या आरंभापासून ५०० अब्ज टनच शिल्लक होते, आणि जग वर्षाला सुमारे ४० अब्ज टन सोडीत आले आहे. २०२४ ह्या वर्षाची जागतिक सरासरी औद्योगिकपूर्व काळाच्या मानाने १.५ अंशाहून वर गेली. एका वर्षाने मर्यादा ओलांडली म्हणजे ती कायमची ओलांडली असे होत नाही. परंतु उरलेली शिल्लक किती अल्प आहे ते त्यावरून कळते. म्हणून 'थोडे थांबू' हा निर्णय तटस्थ नाही. थांबणे म्हणजे खर्च करणे होय, आणि जे खर्चिले जाते ते परत येत नाही.

८ ऑक्टोबर २०१८ हा दिवस ह्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी वरील मंडळाने १.५ अंशाविषयीचा आपला विशेष अहवाल प्रसिद्ध केला, आणि २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावे लागेल असे सांगितले. त्याच दिवशी नॉर्डहाउस ह्यांचे पारितोषिक जाहीर झाले. आणि त्यांच्या प्रतिमानाचा त्या वेळचा इष्टतम मार्ग शतकाच्या अखेरीस सुमारे ३.५ अंशांपर्यंत जात होता. पुढे नुकसानीचे सूत्र आणि दर सुधारल्यावर, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच इष्टतम बिंदू ३ अंशांच्या खाली आला. ही सुधारणा प्रांजळ आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु मधल्या काळात पृथ्वीच्या सहनशक्तीत असा कोणता फरक पडला होता? बदलली होती ती गृहीते.

हार्वर्डचे मार्टिन वाइट्झमन ह्यांनी २००९ साली ह्या सर्व हिशेबाच्या मर्मावर बोट ठेवले. सरासरी नुकसान किती, हा खरा प्रश्नच नाही. फार मोठ्या आपत्तीचा संभव अल्प असला तरी तो पुरेसा अल्प नाही, आणि तशा स्थितीत सरासरीवर आधारलेला लाभ-व्ययाचा हिशेब कोलमडतो, असे त्यांनी गणितानेच दाखविले. घराचा विमा उतरविणारा मनुष्य सरासरी नुकसानीचा विचार करीत नाही.

६

मग पुनर्विचार कोणत्या दिशेने व्हावा? नवे अर्थशास्त्र सर्वस्वी नव्याने रचावे लागेल असे नाही. त्याचे सामान विखुरलेले आहे. जे. सी. कुमारप्पा ह्यांनी १९४५ च्या सुमारास कारावासात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' ह्या पुस्तकात, कोळसा आणि खनिज तेल ह्यांसारखे साठे आणि वाहते पाणी, वाढते वन ह्यांसारखे प्रवाह ह्यांत भेद केला. साठ्यावर उभी असणारी अर्थरचना अशाश्वत असते असे बजावले. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन ह्यांनी १९७१ साली उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाच्या आधारे हीच गोष्ट शास्त्रीय परिभाषेत मांडली. त्यांचे शिष्य हर्मन डेली ह्यांनी १९९२ साली ह्या विचारास जी व्यवस्था दिली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आहे. डेली म्हणतात की अर्थव्यवस्थेपुढे तीन वेगळे प्रश्न असतात. निसर्गातून एकूण किती घ्यावयाचे, हा मर्यादेचा प्रश्न. घेतलेले कोणास किती मिळावयाचे, हा वाटणीचा प्रश्न. आणि मिळालेले कोणत्या उपयोगास लावावयाचे, हा विनियोगाचा प्रश्न. किंमत हे साधन तिसऱ्या प्रश्नासाठी उत्तम आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे तिच्याकडून मागता येत नाहीत.

ह्या दृष्टीने पाहता वर परीक्षिलेल्या शास्त्राचा दोष एका वाक्यात सांगता येतो : त्याने क्रम उलटा केला. किंमतीला विचारून मर्यादा ठरविली, आणि वाटणीचा प्रश्न वटावाच्या दरात बुजवून टाकला.

डेलींचा क्रम ही केवळ ग्रंथांतली कल्पना आहे असे कोणास वाटेल, तर त्याने पुरंदर तालुक्याकडे पाहावे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे ह्यांनी नायगाव येथे काम आरंभिले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम प्रसिद्ध आहेत. पाणलोटात जेवढे पाणी आहे तेवढीच सिंचनाची मर्यादा. वाटणी जमिनीच्या मानाने न करता घरातील माणसांच्या संख्येने, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकर. भूमिहीनांसही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. ह्या चौकटीत राहून कोणते पीक घ्यावे आणि ते कोठे विकावे, हे ज्याने त्याने ठरवावे. मर्यादा आधी, वाटणी नंतर, बाजार शेवटी.

ह्या प्रयोगाचे गुणगान करून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. तो राज्याच्या सिंचनधोरणाचा कणा बनला नाही. लागवडीखालील क्षेत्राचा लहानसा भाग व्यापणारा ऊस आजही सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, कारण पाण्याचा हक्क जमिनीशी आणि जमिनीचा सत्तेशी निगडित राहिला. मर्यादा ठरविणे ही गणिताची बाब नसून सामाजिक सामर्थ्याची बाब आहे, हा धडा पाणी पंचायतीच्या यशाइतकाच तिच्या अपयशातूनही शिकावा लागतो. आणि एका तालुक्यात जे कठीण गेले ते सर्व जगाच्या वातावरणाबाबत सुकर होईल असे समजण्याचे कारण नाही. तथापि कठीण प्रश्न कठीण म्हणून मांडणे आणि त्यास दराच्या दशांश चिन्हाआड दडविणे, ह्यांत अंतर आहे.

७

विद्यापीठांतील अर्थशास्त्र विभागांचे ह्या बाबतीत काय कर्तव्य आहे, ह्याचा उल्लेख करून हे विवेचन आटोपते घेतो. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ साली गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केला. कालव्याचे लाभ प्रत्यक्ष कोणते, अप्रत्यक्ष कोणते, हे त्यांनी गावांत जाऊन, कुटुंबांकडे विचारणा करून मोजले. लाभ मोजण्याची ही परंपरा आपल्याकडे आहे. हानी मोजण्याची तशीच परंपरा अजून निर्माण व्हावयाची आहे. वादळाने गेलेल्या बागेचे मोल, वाढत्या उन्हात ऊसतोड कामगाराचे बुडालेले दिवस, पुरानंतर बंद पडलेल्या दुकानाचे कर्ज, आटलेल्या विहिरीपायी मोडलेली जनावरे : ह्यांची घरोघर जाऊन केलेली मोजणी एखाद्या जागतिक प्रतिमानातील टक्केवारीहून अधिक विश्वसनीय असेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्यापेक्षा अधिक उपयुक्त प्रबंधविषय क्वचितच सापडतील.

आणि वर्गात वटावाचे समीकरण शिकविताना एवढे अवश्य सांगावे की, त्यातील अक्षरांपैकी कोणते मोजून मिळते आणि कोणते आपण निवडतो. निवडलेल्या अक्षराची जबाबदारी निवडणारावर असते. आज ती जबाबदारी नाकारून 'दर बाजाराने ठरविला' असे म्हणण्याची सोय आपणांस आहे. ज्यांच्या नावची हुंडी आपण वटवीत आहो त्यांना मात्र मुदतीस जे हाती पडेल ते घेण्यावाचून गत्यंतर नाही.